अंगकोरची सहल आणि सोबतचा मार्गदर्शक

चाळीस-पन्नास माणसें एका मोठ्या मोटारींत भरून परदेश दाखवावयाचा, या रीतीला कंटाळून आतां पुष्कळ कुटुंबें दहा-बारा जणांच्या लहान तुकडीकडे वळूं लागलीं आहेत. लहान तुकडीला खर्च अधिक पडतो. म्हणूनच त्या अधिक पैशांत नेमकें काय विकत घेतलें, हें निघण्यापूर्वींच ध्यानांत घेतलेलें बरें. चांगलें हॉटेल आणि खिडकीजवळची जागा मोठ्या सहलींतहि मिळते. लहान तुकडींत अधिक मिळतें तें एकच : ज्याला थांबवून प्रश्न विचारतां येतो, असा त्या देशाचा एक जाणता मनुष्य. त्याचा उपयोग करून घेतां आला नाहीं, तर वरचे पैसे पाण्यांत गेले असें समजावें. कंबोडियांतील अंगकोरच्या उदाहरणानें ही गोष्ट चांगली उमगेल. कारण मराठी प्रवासी तेथें एका विशेष प्रकारें फसतो.

अंगकोर वाट हें मंदिर दुसरा सूर्यवर्मन् या ख्मेर राजानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत विष्णूसाठीं बांधविलें. पुढें तें बौद्धांचें झालें, आणि पिवळ्या वस्त्रांतील भिक्षु तेथें आजहि दिसतात. मंदिराच्या बाहेरील ओवऱ्यांच्या भिंतींवर लांबच लांब उथळ शिल्पें कोरलीं आहेत. पश्चिमेच्या दारानें आंत शिरून उजवीकडे वळलें, कीं कुरुक्षेत्राचें युद्ध लागतें. शरशय्येवर पडलेला भीष्म मार्गदर्शकानें बोट दाखविण्यापूर्वींच आपला माणूस ओळखतो. आणि घोटाळा होतो तो येथेंच. ‘हें तर सारें आपलेंच!’ असे उद्गार मोठ्यानें निघतात. घरच्या गृहिणी मुलांना महाभारत सांगूं लागतात, एखादे निवृत्त गृहस्थ मार्गदर्शकाचीच चूक दुरुस्त करूं पाहतात. मार्गदर्शक सभ्यपणें हंसतो, मान डोलावतो, आणि जें सांगणार होता तें आवरतें घेतो. चाळीस जणांच्या घोळक्यांत असा एक उद्गार विरून जातो. दहा जणांत तो साऱ्यांच्या वतीनें काढल्यासारखा होतो. त्यानंतरचे तीन दिवस मंडळींना तारखा आणि राजांचीं नांवें तेवढीं ऐकावयास मिळतात.

कथा हिंदुस्थानांतून गेल्या, हें खोटें नाहीं. परंतु दगड ख्मेर लोकांनीं फोडला, ओढला आणि घडविला. तेथील कित्येक शिलालेखांत देवांची व राजाची स्तुति संस्कृत श्लोकांत असते, आणि जमिनी, तांदूळ, सेवक यांच्या याद्या मात्र ख्मेर भाषेंत असतात. एवढ्या एका गोष्टीवरूनहि त्या समाजाचें अंतरंग कळूं लागतें. म्हणून ओळखीचें दिसलें, कीं ‘आपलें’ म्हणण्याऐवजीं ‘येथें हें निराळें कां?’ असें विचारावें. पूर्वेच्या ओवरींत सुमारें पन्नास मीटर लांबीचें समुद्रमंथन आहे. तेथें देवांच्या बाजूस वासुकीचें शेपूट एका वानरानें धरलें आहे. त्याला बहुधा हनुमान समजतात. आपल्याकडील मंथनाच्या कथेंत मारुतीला कोणी बोलावीत नाहीं. मग तो येथें कसा आला? दक्षिणेच्या ओवरींत यम आहे, चित्रगुप्त आहे, बत्तीस नरक आणि सदतीस स्वर्ग आहेत. त्यांतील कोणत्या पापाला कोणती शिक्षा सांगितली आहे, हें विचारणारा श्रोता मिळाला, तर मार्गदर्शकाची कळी खुलते. आणखी एक : हीं शिल्पें प्रदक्षिणेच्या उलट दिशेनें, म्हणजे अपसव्य क्रमानें पाहावयाचीं आहेत, आणि मंदिराचें तोंडहि पश्चिमेकडे आहे. हें राजाचें स्मारक असावें, असा तर्क त्यावरून कित्येक पंडित करतात. श्राद्धपक्षाच्या घरांत वाढलेल्या माणसाला ‘अपसव्य’ या शब्दाचें वजन निराळें सांगावें लागत नाहीं. तें मार्गदर्शकाला सांगावें, म्हणजे त्यालाहि आपणांकडून कांहीं मिळतें. देवघेव सुरू होते ती अशी.

व्यवहाराच्याहि दोन गोष्टी आहेत. पहिल्या संध्याकाळींच तुकडीनें आपसांत बसून मार्गदर्शकास सांगावें, कीं दिवसाला तीनांहून अधिक मंदिरें नकोत. यादी लांब असली म्हणजे पैसे वसूल होतात, हा भ्रम मोठा चिवट आहे. चौथ्या मंदिरापाशीं माणसें सावली शोधतात, शिल्पें नव्हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यांतल्या त्यांत सुखाचा. एप्रिलांत दगड तापतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं वरच्या गाभाऱ्याच्या उभ्या पायऱ्या चढण्याचा हट्ट धरूं नये. खालच्या ओवऱ्या सपाट आहेत, आणि पाहण्यासारखें पुष्कळसें तेथेंच आहे. खांदे व गुडघे झांकणारीं वस्त्रें हवींत. सूर्योदयाच्या वेळीं पुढच्या तळ्याकांठीं दाटी उसळते. मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळें त्याच्या दर्शनी बाजूवर खरा प्रकाश पडतो तो दुपारनंतर, हें लक्षांत ठेवल्यास पहांटेची झोंप वाचेल. शाकाहारी मंडळींनीं ‘मांस नको’ एवढें सांगून भागत नाहीं. तेथील भाजींतहि मासळीचा रस किंवा ‘प्रहोक’ नांवाची आंबविलेली मासळी असूं शकते. चिवड्याचे डबे न्यावेत, त्याला कोणाची हरकत नाहीं. परंतु तीनहि दिवस त्यांवरच काढले, तर यजमान देशाची चव जिभेला कळलीच नाहीं असें होईल.

ज्या प्रश्नांसाठीं लहान तुकडी खरोखर हवी, ते पहिल्या दिवशीं विचारावयाचे नसतात. 1975 ते 1979 या काळांत ख्मेर रूज राजवटीखालीं कंबोडियांत सुमारें 15 ते 20 लाख माणसें मेलीं. तेथील मार्गदर्शकाच्या घरीं त्यांपैकीं कोणी नसेल, असें क्वचितच घडतें. ‘तुमच्या घरचें कोणी गेलें काय?’ हा प्रश्न मोटारींत सर्वांदेखत टाकणें म्हणजे माणसाच्या जखमेला प्रेक्षणीय स्थळ करणें होय. त्यापेक्षां बाफुओन मंदिरापाशीं बसावें. या मंदिराचे सुमारें तीन लाख दगड 1960 नंतर फ्रेंच तज्ज्ञांनीं पुन्हां नीट रचण्यासाठीं सुटे करून आजूबाजूच्या जंगलांत मांडले. कोणता दगड कोठला, याच्या नोंदी ठेवल्या होत्या. युद्ध आलें, काम थांबलें, आणि 1975 मध्यें त्या नोंदीहि नष्ट झाल्या. 1995 सालीं काम पुन्हां सुरू झालें, तेव्हां दगडाला दगड जुळवून पाहण्यावांचून उपाय नव्हता. मंदिर पुरें झालें तें 2011 सालीं. ही हकीकत सांगतां सांगतां मार्गदर्शक स्वतःच्या घराकडे वळला, तर ऐकावें. न वळला, तर गप्प राहावें. भारताच्या पुरातत्त्व खात्यानेंहि 1986 ते 1993 पर्यंत अंगकोर वाट येथें काम केलें. तो देश तेव्हां अजून पुरता सांवरला नव्हता. कंबोडियाच्या माणसापुढें अभिमानानें काढण्याजोगा विषय हाच, आणि तोहि त्यानें काढल्यावर.

सहलीच्या शेवटच्या सकाळीं बायोन ठेवावें. राजा सातवा जयवर्मन् याच्या या मंदिरावरील प्रचंड दगडी मुखें सर्वांना ठाऊक असतात, आणि प्रवासी तींच पाहून परततात. बाहेरच्या भिंतीवरील खालच्या ओळींत मात्र राजा नाहीं, देव नाहीं. तेथें चुलीपाशींचीं माणसें आहेत, कोंबड्यांची झुंज आहे, बाळंत होणारी बाई आहे, सरोवरांतील मासे आहेत, आणि बाजार मांडून बसलेल्या स्त्रिया आहेत. 1296 सालीं आलेला चिनी प्रवासी चौ ता-क्वान यानें लिहून ठेवलें आहे, कीं या देशांत व्यापार बायकांच्या हातीं आहे. मार्गदर्शकाची आई किंवा आजी काय विकीत असे, हें येथें विचारावें; या प्रश्नाला तो बहुधा मोकळेपणानें उत्तर देतो. मग दुपारचें एखादें देऊळ यादींतून काढून टाकून त्याच्याबरोबर सिएम रीपच्या बाजारांत जावें. मासळी, भाजी व तांदूळ घेऊन बसलेल्या तेथें आजहि बहुतेक स्त्रियाच असतात, आणि भाव करतांना त्या मार्गदर्शकाचीहि गय करीत नाहींत.