स्मरणशक्ती आणि आपले पान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आहाराविषयी बोलावयाचे, तर आमच्या घरातील एका चुकीपासूनच आरंभ करते. सासूबाईंना विसर पडू लागला. विरजण दोनदा लागे, दिवा लावल्याचे ध्यानात राहत नसे. ‘वयोमानाने चालायचेच’ असे म्हणून आम्ही स्मरणशक्तीच्या गोळ्यांची बाटली आणली. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी रक्त तपासविले, तेव्हा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव निघाली. उपचाराने पुष्कळ उतार पडला. पण ते सहा महिने आम्ही फुकट घालविले.

बाटलीवर शब्द होता ‘अँटिऑक्सिडंट’. तो खोटा नव्हे. उघडे तेल खवट होते, सफरचंदाची फोड तांबूस पडते. ही प्राणवायूची करणी. फोडीला लिंबू चोळले की तिला रंग चढावयास उशीर लागतो, कारण लिंबातील क जीवनसत्त्व हे असे रक्षक द्रव्य आहे. आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे २० टक्के. शिवाय त्यात स्निग्धांश पुष्कळ. म्हणून अशी झीज तेथे अधिक संभवते.

मग गोळ्या का घेऊ नयेत? साडेसात हजारांवर वयस्क पुरुषांवर ई जीवनसत्त्व व सेलेनियमचा प्रयोग करून पाहिला. २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की स्मृतिभ्रंश त्यामुळे टळला नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या, तो फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला १९९४ साली दिसून आला.

अन्नाची गोष्ट निराळी. अमेरिकेतील सत्तरी ओलांडलेल्या १६,००० परिचारिकांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी अधिक खाणाऱ्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा सावकाश उतरली. हे फळांमुळेच झाले असे सिद्ध होत नाही. पण फळे खाण्यात तोटा तर नाही ना! त्या फळांना रंग देणाऱ्या द्रव्यांच्याच जातीची द्रव्ये आपल्या जांभळातही आहेत. आवळा, पेरू, लिंबू यांत क जीवनसत्त्व, शेंगदाण्यात ई, माठ-पालकात कॅरोटीन. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, फार शिजवू नये, रोज एक कोशिंबीर कच्ची असावी.

मात्र नुसत्या भाजीवर भिस्त नको. फिनलंडमध्येच १,२०० वर वृद्धांपैकी सुमारे निम्म्यांना आहार, व्यायाम, बुद्धीला काम आणि रक्तदाबावर देखरेख हे सारे एकत्र दिले, तेव्हा दोन वर्षांत त्यांची बुद्धी इतरांपेक्षा बरी राहिली, असे २०१५ साली दिसले.

आता शेवटची विनंती. आपण घरातल्यांना भाजी वाढतो आणि स्वतः उरलेल्या रश्शाशी पोळी खातो. पेरूच्या फोडी मुलांना, आपल्याला बिया! भगिनींनो, उद्यापासून आपली वाटी आधी बाजूस काढा. आणि घरात कोणाला विसर पडू लागला, तर लपवू नका, बाटली आणू नका. आधी डॉक्टरांकडे न्या.