जुना फोन, नवा फोन
१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शिरूरचा कांदा असो की दौंडचा ऊस, सातबाऱ्यावरील पिकाची नोंद आपणच मोबाईलवरून करायची. पण एकाचा फोन जुना, दुसऱ्याचा नवा. आणि ॲप मात्र एकच!

पूर्वी दौंड स्थानकात बारामतीची अरुंद रुळांची गाडी येई, मुंबईकडची रुंद रुळांचीही येई. एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर चालत नसे. फोनचेही तसेच आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पूर्वीचे फोन सगळ्या परवानग्या ॲप बसवतानाच घेत. पुढचे फोन ठिकाणाची, कॅमेऱ्याची परवानगी ऐन कामाच्या वेळी विचारतात. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून तर ‘अचूक ठिकाण की अंदाजे?’ असेही विचारले जाते. अंदाजे म्हटले, की आपला गट सोडून भलतीच जागा दिसायची!

म्हणून ॲप रचणाऱ्याने आधी फोनची आवृत्ती ओळखावी, मग तिला जुळेल तशी परवानगी मागावी, आणि ती कशाला हवी तेही सोप्या मराठीत सांगावे. प्रत्येक बदल जुन्या फोनवर, बांधावर उभे राहून तपासावा. नोंद राहिली, तर मदत मागताना शेतकऱ्याचीच अडचण होते. फोन जुना, एवढ्यासाठी कोणाचे पीक नोंदीवाचून राहू नये.