इंग्रजी पुस्तक आणि आपली मुलं

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या वस्तीतली मुलं मराठी शाळेतून चांगल्या मार्कांनी पास होतात. कॉलेजात गेली की इंग्रजी पुस्तकापुढे अडतात. एका पानाला तास लागतो, तरी हाती काही येत नाही. मग गाईड आणून घोकतात, नापास होतात आणि एक दिवस कॉलेज सोडतात. आपण म्हणतो, "पोराचं डोकं चालत नाही." बांधवांनो, हे खरं नाही!

मी साच्यावर काम केलेला माणूस. घडोघडी धागा तुटला तर कापड निघत नाही. वाचनाचंही तसंच आहे. ओळीओळीला अनोळखी शब्द आला की अर्थाचा धागा तुटतो. न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी सहकाऱ्यासोबत 2000 साली केलेल्या अभ्यासात दिसलं, की शंभरातले सुमारे 98 शब्द ओळखीचे असले तरच बहुतेकांना मजकूर मदतीशिवाय नीट समजतो. कॅनडाचे जिम कमिन्स सांगतात, परकी भाषा बोलायला दोनेक वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. म्हणून नुसतं फाडफाड इंग्रजी बोलण्याच्या क्लासला पैसे भरून पुस्तक वाचता येत नाही.

मग करायचं काय? विषय आधी मराठीत समजून घ्यावा. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट वाचता येतो. चलनवाढ म्हणजे काय ते मराठीत कळलं, की इंग्रजी पान ओळखीचं वाटू लागतं. प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नये. जो शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो वहीत उतरवावा. शेवटी पुस्तक मिटून, वाचलेलं मराठीत दुसऱ्याला सांगावं. सांगता आलं नाही, तर परत वाचावं.

बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांनी इंग्रजीत मोठमोठे ग्रंथ लिहिले आणि 1920 साली 'मूकनायक' मराठीत काढला. दोन्ही भाषा त्यांनी कामाला लावल्या.

माझी विनंती आहे, रोज संध्याकाळी दोन तास विहाराचा हॉल या मुलांना द्यावा. शिकलेल्या नोकरदारांनी आठवड्यातून एक दिवस त्यांच्यासोबत बसावं. आणि माता-भगिनींनो, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी मुलांना विचारा, "आज काय वाचलंस? मला सांग." तुम्हाला समजेपर्यंत त्यांना सांगू द्या. तोही अभ्यासच आहे.

जयभीम!