ध्येय कुणी ठरवायचं?

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण त्यांची ध्येयं बहुधा मोठी माणसंच ठरवतात, आणि हे मला फार खटकतं. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलीला आधी विचारा, तुला काय करावंसं वाटतं? बोलता येत नसेल, तर चित्रांतून निवडू द्या. ‘एकटीनं दूध आणायचं’ असं तिनं सांगितलं, तर तेच लिहा. मग त्याच्या पायऱ्या पाडा: पिशवी घेणं, रस्ता ओलांडणं, पैसे देणं, उरलेले मोजून घेणं. या आठवड्यात फक्त पैसे देणं. जमलं की तक्त्यावर खूण तिनंच करायची. अडलं, तर त्या पायरीचे आणखी दोन भाग करा. रस्ता ओलांडणं मात्र घरच्यांना सोबत घेऊन, सावकाश शिकवा.