भीमथडी तट्टू घेताना

डोंगरउतारावर दोन-तीन एकरांचा तुकडा आहे, बांधापर्यंत गाडी जात नाही, शेणखत डोक्यावरून वाहावं लागतं. अशा ठिकाणी भीमथडी तट्टू जरूर बघा. भीमेकाठची ही जात मराठ्यांच्या फौजेत दौडली आणि पुढे धनगरांच्या वाड्यांनी, म्हणजे भटक्या तांड्यांनी, टिकवली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोनं तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, याचा मला फार आनंद आहे.

पावसाळा सरल्यावर कोकणाकडे उतरणारा वाडा पाहिलाय? भांडीकुंडी, घोंगड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, वर बांधलेली कोंबडी, सारा संसार तट्टाच्या पाठीवर.

घेताना आधी खूर उचलून बघा. भेग नको, कुजका वास नको. मग कठीण जमिनीवर चालवा आणि कान देऊन ऐका. चारही टापा सारख्या वाजायला हव्यात. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले, तर तिथं खोगीर काचलेलं असण्याची शक्यता मोठी. वयासाठी दात बघा. पाच वर्षांपर्यंत पुढचे दुधाचे दात पडून पक्के आलेले असतात. त्याआधी जड ओझं लादू नका.

ओझं जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, दोन्ही बाजूंना सारखं. नांगर बैलांकडेच राहू द्या. वैरण हळूहळू बदला, नाहीतर पोटात दुखू लागतं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे पोटशूळ जिवावर बेततो. आणि धनुर्वाताची लस पशुवैद्यकाकडून वेळेवर टोचून घ्या.