बर्फ तोच, पाणी नवं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात ‘माझा छंद’ या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘बर्फाचे गोळे जमवणे’ असं छापलं आहे. ते वाचून सकाळपासून चार जणांनी मला विचारलं, की गाडी कुठे लावली आहे आणि काला-खट्टा आहे का. अकोल्यात बर्फाचा गोळा म्हटलं की दुसरं काही डोळ्यांपुढे येणारच नाही, त्यामुळे छापणाऱ्याचा काही दोष नाही. मी जमवते ते स्नो-ग्लोब. काचेचा पाण्याने भरलेला गोळा, आत एखादं घर, चर्च किंवा पुतळा, आणि हलवला की आत बर्फ पडतो. माझ्याकडे असे ६२ आहेत. त्यातले बरेचसे माझ्याकडे आले तेव्हा अर्धे सुकलेले, पिवळे पडलेले किंवा गळके होते. जमवण्यापेक्षा दुरुस्तीतच मला जास्त रस आहे, म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

आधी ही वस्तू आली कुठून ते सांगते. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पाणी आणि पांढरी पूड भरलेले काचेचे पेपरवेट होते, आत छत्री घेतलेला माणूस. पण ज्या घराण्यामुळे ही वस्तू जगभर गेली, ते व्हिएन्नाचं पेर्झी घराणं. एर्विन पेर्झी हा शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारा कारागीर. १९०० च्या सुमारास तो विजेच्या दिव्याचा उजेड वाढवता येतो का ते बघत होता. त्या काळी युरोपात जोडे शिवणारे कारागीर दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोळा ठेवायचे, म्हणजे उजेड एका जागी गोळा होऊन टाका नीट दिसायचा. पेर्झीने तेच करून पाहिलं, आणि उजेड पसरावा म्हणून पाण्यात चकाकणाऱ्या वस्तू टाकून पाहिल्या. शेवटी त्याने टाकला रवा. हो, आपण उपम्याला घेतो तोच, गव्हाचा रवा! उजेड काही वाढला नाही, पण रवा तरंगत तरंगत खाली बसला तो थेट बर्फासारखा. मग त्याने आत मारियात्सेल इथल्या चर्चची छोटी प्रतिकृती बसवली. मारियात्सेल हे ऑस्ट्रियातलं मोठं तीर्थक्षेत्र. म्हणजे आपल्याकडे शेगावला दर्शन झालं की बाहेरच्या दुकानातून महाराजांची तसबीर घेऊन घरी यायचं, तशीच ही वस्तू. पेर्झींचा कारखाना व्हिएन्नात आजही त्याच घराण्याकडे आहे, आणि त्यांचा बर्फ कशाचा असतो ते ते आजही कुणाला सांगत नाहीत.

आता ही वस्तू वऱ्हाडात कशी आली, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपण इंजिनिअरिंग संपवून बाहेर पडलो तेव्हा वायटूकेची लाट नुकतीच येऊन गेली होती. आपल्यातले कितीतरी जण पुण्याला, बंगलोरला आणि तिथून अमेरिकेला गेले. पहिल्या सुटीत येताना प्रत्येकाच्या बॅगेत चॉकलेट, बदामाची पाकिटं, सेंटच्या बाटल्या आणि एक स्नो-ग्लोब. तो बैठकीतल्या शोकेसमध्ये गेला. शोकेसमध्ये आधीपासून काय असायचं? पांढरा ताजमहाल, आपली वक्तृत्वाची ढाल, मामाच्या लग्नातला टी-सेट. त्यांच्या शेजारी नायगारा नाहीतर शिकागो. अकोल्यात, अमरावतीत, मूर्तिजापुरात, दर्यापुरात मी अशी किती शोकेसं पाहिली आहेत! घरात आता दोनच म्हातारी माणसं राहतात आणि शोकेसमधला ग्लोब अर्धा रिकामा झालेला असतो.

तो रिकामा का होतो? माझ्यासारख्या माणसाला आधी कारण शोधल्याशिवाय चैन पडत नाही. स्वस्त ग्लोब प्लॅस्टिकचे असतात, आणि प्लॅस्टिकमधून पाण्याची वाफ अगदी हळू का होईना, बाहेर जात राहते. वर्षानुवर्षांनी पातळी खाली येते. काचेच्या ग्लोबमध्ये दोष बहुधा बुडाच्या रबरी बुचात असतो. आणि आपला उन्हाळा दोन्हींचा शत्रू. पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर गेलं की त्याचं आकारमान सुमारे ०.८ टक्क्याने वाढतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण पाव लिटरच्या गोळ्यात ते २ मिलिलिटर होतात, आणि पाणी दाबलं जात नाही. ते बुचाला ढकलतं. दरवर्षी मे महिन्यात थोडं ढकलतं, डिसेंबरात मागे येतं. दहा-पंधरा वर्षांत बूच हार मानतं. थंड देशात ग्लोब गोठून फुटतात, आपल्याकडे ते उकाड्याने गळतात.

आणखी एक गंमत आहे, ती खास विज्ञानाच्या सरांसाठी. पाण्याचा चिकटपणा उष्णतेने कमी होतो. ४० अंशांना तो २० अंशांच्या जवळपास दोन तृतीयांश राहतो. म्हणजे तोच ग्लोब, तोच बर्फ, पण डिसेंबरपेक्षा मे महिन्यात अकोल्यात तो दीडपट वेगाने पडतो! सर, हे मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

तिसरं कारण पूर्णपणे आपलं. पातळी खाली गेली की आईवडील बूच काढून त्यात घरचं पाणी भरतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी कसं असतं ते या सभागृहात कुणाला सांगायला नको. सहा महिन्यांत आत पांढरा थर धरतो. दर्यापूरच्या एका ग्लोबमध्ये मला बर्फापेक्षा क्षारच जास्त सापडले होते.

आता दुरुस्ती. ज्यांना घरी करून पाहायची आहे त्यांनी लिहून घ्या. ग्लोब आल्या आल्या उघडायचा नाही. आधी फोटो काढायचा, पाण्याच्या पातळीवर बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायची आणि टिपकागदावर आठवडाभर ठेवायचा. कागद ओला झाला तर बूच गळतं आहे. कागद कोरडा पण पातळी खाली, तर वाफ जाते आहे. मग बुडाची मखमल सोडवायची, कोमट पाण्यात ठेवून जुना गोंद मऊ करायचा आणि बूच काढायचं. हातमोजे घालायचे, कारण काही जुन्या ग्लोबमध्ये गोठू नये म्हणून इथिलीन ग्लायकॉल घातलेलं असतं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, त्यामुळे लहान मुलं आणि मांजर दोघांनाही लांब ठेवायचं. आतलं पाणी मलमलच्या कापडातून गाळायचं, कापडावर बर्फ राहतो. तो वेगळा धुऊन ठेवायचा. आतल्या चित्राला घासायचं नाही, रंग लगेच निघतो.

नवं पाणी म्हणजे डिस्टिल्ड, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते. ते उकळून थंड करायचं, म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते आणि नंतर बुडबुडे धरत नाहीत. मेडिकलमधलं ग्लिसरीन चार-पाच थेंब, त्याने बर्फ रेंगाळतो. जास्त घातलं तर गोळे होतात. बादलीत तेच पाणी घेऊन त्यात गोळा पूर्ण बुडवायचा आणि बूच पाण्याखालीच बसवायचं. हिवाळ्यात भरत असाल तर मात्र थोडी हवा मुद्दाम आत ठेवायची, उन्हाळ्यात पाण्याला पसरायला तेवढी जागा लागते. बुचाभोवती मत्स्यालयाला लावतात ते सिलिकॉन, आणि ४८ तास उलटा ठेवायचा.

आणि एक धोक्याची सूचना. पाण्याने भरलेला गोळा म्हणजे भिंगच. काचेपासून साधारण त्रिज्येएवढ्या अंतरावर ऊन एका बिंदूत गोळा होतं. १० सेंटिमीटर व्यासाचा ग्लोब असेल तर फक्त ५ सेंटिमीटरवर. मागे पडदा किंवा वर्तमानपत्र असलं तर पेट घेऊ शकतं. दुरुस्त केलेला ग्लोब खिडकीत ठेवू नका. शोकेसच बरं.

इतकं सगळं सांगितलं, पण खरी अडचण यातल्या कशातही नसते. ती सांगण्यासाठी एका ग्लोबबद्दल बोलते.

आपल्या तुकडीतली एक मैत्रीण आज इथे नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती गेली. तुम्ही सगळे तिला ओळखता. तिच्या आईने नाव घेऊ नको असं सांगितलं आहे, म्हणून घेत नाही. गेल्या वर्षी काकूंनी मला फोन केला, “तू ते काचेचे गोळे दुरुस्त करतं म्हने. आमच्या इथला पाहून जाय एकदा.” मी मूर्तिजापूरला गेले. न्यूयॉर्कचा ग्लोब, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. तिने २००३ मध्ये पहिल्या सुटीत आणलेला. पाणी निम्म्यावर आलं होतं, चहासारखं झालं होतं, बर्फ पिवळा पडून बुडाला चिकटला होता. आणि देवीचा मशालीचा हात तुटून आत खाली पडला होता.

मी मनातल्या मनात कामाची यादी करून टाकली. काच साफ, पाणी नवं, बर्फ माझ्याकडचा पांढराशुभ्र, हात इपॉक्सीने चिकटवायचा, एका रविवारचं काम. तसं मी काकूंना सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “पानी बदलव माय. त्यात तिचं तोंडही दिसत न्हाई आता. पन बर्फ तोच ठेव. आन तो हात राहू दे तसाच. बॅगेतून काढतानी तिच्याच हातून आपटला होता. लय हसली होती तवा.”

मला दोन गोष्टी कळल्या. पाणी स्वच्छ हवं होतं ते वस्तू नवी दिसावी म्हणून नव्हतं. तिने आणलेलं आत जे होतं ते त्यांना पुन्हा दिसायला हवं होतं. आणि मला जो बिघाड वाटत होता, तीच त्या घरातली सगळ्यात मोलाची गोष्ट होती. मी इपॉक्सीची ट्यूब पिशवीतून काढलीच नाही.

काम उलट वाढलं. नवा बर्फ टाकणं पाच मिनिटांचं, जुना सोडवायला मला तीन रविवार लागले. कण कोमट पाण्यात भिजवून, मऊ ब्रशने एकेक वेगळा करायचा. काही पिवळे राहिले ते राहिलेच. भरून, बूच लावून मी तो परत नेला. काकूंनी हलवला. बर्फ जरा भरभर पडतो, काही ठिकाणी दोन-दोन कण जोडीने पडतात. तो तुटलेला हात बर्फाबरोबर थोडा वर उठतो आणि आधी खाली बसतो. काकूंनी तो तीनदा हलवला आणि शोकेसमध्ये न ठेवता टीव्हीजवळ ठेवला. टीव्हीजवळ ऊन येत नाही ना, ते तेवढं मी पाहून घेतलं.

तेव्हापासून माझा नियम बदलला आहे. ग्लोब हातात घेतला की आधी विचारते, यातलं काय बदलायचं नाही? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. अमरावतीच्या एका आजोबांनी सांगितलं, बुडाची किमतीची चिठ्ठी काढू नको, नातवाने स्वतःच्या पैशाने घेतला होता. एका घरात नव्या पाण्याला नकारच मिळाला, सुकलेलाच राहू दे म्हणाले. तो मी पुसून परत दिला. तेही कामच.

पुण्यात असलेल्यांनी राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलंच असेल. दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, दौती, कुलपं, कंगवे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणारा हा माणूस. त्या संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ म्हणजे लहानपणीच गेलेला त्यांचा मुलगा. हे माहीत नव्हतं तोवर मी तिथे वस्तू बघत होते. कळल्यावर त्याच वस्तू वेगळ्या दिसल्या. माझे ६२ ग्लोब म्हणजे काही संग्रहालय नव्हे. पण वस्तू कुणासाठी टिकवायची, हे विचारायला मी तिथे शिकले.

आता माझी मागणी. आपल्यातल्या बऱ्याच जणांची अकोल्या-अमरावतीची घरं विकायला निघाली आहेत किंवा निघतील. घर रिकामं करताना शोकेसमधला सुकलेला ग्लोब भंगारात जातो, कारण तो बिघडलेला दिसतो. टाकण्याआधी आईला, बाबांना एकदा विचारा, की हा कोणी आणला आणि कधी. ते सांगतील ते मागे एका कागदावर लिहून ठेवा. दुरुस्त करायचा असेल तर माझ्याकडे द्या, मी पैसे घेत नाही. पुण्याला विमानाने आणणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा, द्रव म्हणून हातातल्या सामानात अडवू शकतात.

आणि मुख्याध्यापकांना एक विनंती केली होती ती त्यांनी मान्य केली आहे. जानेवारीत मी आठवीच्या मुलांसोबत एक दुपार प्रयोगशाळेत बसणार आहे. जॅमची बरणी, बॅटरीचं पाणी, ग्लिसरीन आणि कुटलेलं अंड्याचं कवच. आत काय बसवायचं ते मुलांनी ठरवायचं. न्यूयॉर्क नको एवढंच मी सांगणार आहे. राजराजेश्वराचं मंदिर करा, नरनाळा करा, कापसाचं बोंड करा. अकोल्यात बर्फ पडायला हरकत काय आहे!

 जेवणानंतर मागच्या टेबलावर आठ ग्लोब ठेवले आहेत. हलवून पाहा, पण जरा जपून.