भिंतीवरच्या चित्राची किंमत

चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्या केकू गांधी यांनी पत्नी खोर्शेद यांच्यासह १९६३मध्ये मुंबईत ‘केमोल्ड’ गॅलरी सुरू केली, तीही जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर. २००७पासून ती फोर्टातल्या क्वीन्स मॅन्शनमध्ये आहे.

अशा गॅलरीत पाऊल टाकताना नवखा माणूस बिचकतो. प्रवेशाला तिकीट नसतं, पण चित्राखाली किंमतही नसते. नावाशेजारी लाल ठिपका दिसला, की ते विकलं गेलं असं समजावं. दरपत्रक टेबलावर मागितलं की मिळतं. विचारलं म्हणून घ्यायलाच हवं असं मुळीच नाही.

त्याच चित्रकाराचं कागदावरचं काम कॅनव्हासपेक्षा बहुधा स्वस्त पडतं. मुद्राचित्र, म्हणजे प्रिंट, आणखी आवाक्यात येतं. त्याच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘५/२५’ लिहिलेलं असेल, तर ती पंचवीसपैकी पाचवी प्रत. बजेट आधीच सांगावं, हप्त्यांचंही विचारावं. त्यात कमीपणा कसला?

विकताना दुप्पट पैसे येतील, या हिशेबाने मात्र नवख्याने चित्र घेऊ नये. पैसे देताना पक्कं बिल आणि चित्रकाराच्या सहीचं प्रमाणपत्र मागून घ्या.